मागचा ब्रेक आणि त्यांचा पाय

फेरीबोटीच्या उतरणीवर आमची मोटारसायकल थांबली नाही, आणि मी चार लोकांसमोर माझ्या नवऱ्याला म्हटलं, "तुमचो पाय गेलो."

आम्ही दोघं दर सोमवारी नदी ओलांडून फोंड्याच्या बाजूला कुळदेवाच्या देवळात जातो. हे चालवतात, मी मागे एका बाजूला पाय सोडून बसते. बोटीकडे जाणारी उतरण सिमेंटची आहे आणि खालच्या टोकाला कायम शेवाळ असतं. तिथे हाताचा ब्रेक दाबायचा नसतो, पुढचं चाक घसरतं. पायाने मागचा ब्रेक दाबत हळू उतरायचं. हे तसेच उतरत आले. तरुणपणापासून खनिजाचा ट्रक चालवला आहे त्यांनी, उतरणीचं त्यांना कोणी शिकवायला नको.

त्या सोमवारी गाडी हळू झालीच नाही. ह्यांनी दोन्ही पाय जमिनीवर टाकले, एक चप्पल पाण्यात गेली, आणि पुढचं चाक बोटीच्या लोखंडी पत्र्यावर जाऊन आदळलं. मी गुडघ्यावर पडले. बोटीवरचा माणूस धावत आला. आधी त्याने मला उठवलं आणि मग ह्यांना म्हणाला, "आजोबा, आता घराक बसा."

हे एका पायात चप्पल घालून उभे होते. मी घाबरले होते आणि मला राग आला होता. त्या रागात मी ते वाक्य बोलले. लोकांनी ऐकलं. एक बाई तर मान हलवून हो म्हणाली, जसं काही ती आमच्याच घरात राहते.

मुलगा पणजीला नोकरी करतो, तिथेच राहतो. त्याला मीच फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आई, मी कधीपासून सांगतोय. बाबांचं वय झालं. गाडी विकून टाकू." दोन दिवसांत त्याने गिऱ्हाईक पण बघितलं. रविवारी गाडी बघायला येणार होतं. "तेवढा ब्रेक बघून घ्या, म्हणजे बोलायला जागा नको," एवढंच त्याने सांगितलं.

हे भांडतील असं मला वाटलं होतं. भांडले नाहीत. "बरां," म्हणाले. गाडी गेली असती तर ह्यांचं सगळंच गेलं असतं, हे मला कळत होतं. आमच्याकडे दिवसाला दोन बस येतात. बाजार, देऊळ, जुन्या ट्रकवाल्यांकडे जाऊन बसणं, सगळं त्या गाडीवर. पण पाय गेलेल्या माणसाला गाडी कशी द्यायची?

गुरुवारी सकाळी हे गाडी घेऊन तिठ्यावरच्या मेकॅनिककडे निघाले. चालवत नाही, ढकलत. वाटेत चढून बसतील म्हणून मी मागोमाग चालत गेले. रस्त्यात दोघांनी विचारलं, पेट्रोल संपलं काय? हे "होय" म्हणाले.

मेकॅनिक सावंतवाडीकडचा, चाळिशीचा माणूस. त्याने गाडी मधल्या स्टँडवर चढवली. मागचं चाक अधांतरी झालं. ह्यांना म्हणाला, "काका, ब्रेक दाबा बघया." ह्यांनी दाबला. त्याने हाताने चाक फिरवलं. चाक फिरलं.

"जोरान दाबा."

"आणखी किती दाबू? लिव्हर मोडात."

चाक परत फिरलं. मी मनात म्हटलं, बघा, पाय गेलेलाच आहे.

मग मेकॅनिक म्हणाला, "काका, पाय काढा. मी दाबतंय, तुमी चाक फिरवा." त्याने आपला जाडजूड पाय ब्रेकवर ठेवला आणि अंगाचा भार टाकला. ह्यांनी चाकाला हात लावला. चाक फिरलं.

"फिरता," हे म्हणाले.

"मगे? माझो पण पाय गेलो?" मेकॅनिक हसला.

मी हसले नाही. चाळिशीच्या माणसाच्या पायाने पण चाक थांबत नव्हतं, आणि मी चार लोकांत ह्यांच्या पायाला नाव ठेवलं होतं.

मेकॅनिकने मागच्या चाकाजवळचा, ब्रेकच्या सळईचा नट पिळला. दोन वेढे, तीन वेढे. परत दाबून बघितलं. थोडा फरक, जास्त नाही. "आटे बरेच बाकी आसत," तो म्हणाला. म्हणजे नट अजून पुष्कळ पिळता येत होता. आतले लायनर झिजले असते तर नट केव्हाच शेवटाला गेला असता. "लायनर झिजूक नाय. मग धरणत कित्या नाय?"

त्याने मागचं चाक काढलं. चाकाच्या मधोमध लोखंडी वाटीसारखा ड्रम असतो, आणि त्यात बसणारे दोन अर्धगोल तुकडे, ते लायनर. ते चांगले जाड होते. पण काळे, चकचकीत, ओले. त्याने बोट लावलं, बोट नाकाशी नेलं, आणि ह्यांच्या नाकाशी धरलं.

"इंजिनाचां त्याल नाय ह्यां. वास घेवा."

"खोबरेल!" हे म्हणाले.

मी बाकावर बसले होते. मी उगाच हात पदराला पुसले.

ह्यांचं तोंड लाल झालं. "त्या बांधवाल्याचां काम," म्हणाले. शेजाऱ्याशी आमचं बांधावरून जुनं भांडण आहे. "गाडी भायर असता, रात्रीचो येऊन ओतता. आत्ता जातंय त्याच्याकडे." आणि खरंच निघाले. मेकॅनिकचा पाना ह्यांनी हातात घेतला होता.

"खंय चाललात?" मी म्हटलं. "त्याल मी घातलंय."

हे जागीच थांबले.

"आजये, तू? कित्या?" मेकॅनिकने विचारलं.

"चाक कुरकुरत होतां. त्याल घातलां, कुरकूर गेली."

"कुरकूर जातलीच गो! ब्रेकच गेलो! किती वेळा घातलंस?"

"दर सोमवारी. देवळात जाऊच्या आधी."

"दर सोमवारी!" मेकॅनिकने डोक्याला हात लावला. हात काळा होता, कपाळ काळं झालं.

खरं आहे ते सांगते. आमच्याकडे दमट हवा. विळी, कोयता, कुदळ, दाराच्या बिजागऱ्या, सगळ्याला तेलाचा हात लावायचा, नाही तर पावसाळ्यात गंज धरतो. हे काम घरच्या बाईचं. माझ्या सासूने मला लग्नाच्या पहिल्या वर्षी हेच शिकवलं. गाडी लोखंडाची. मागचं चाक ओरडायला लागलं तेव्हा मी शिलाई मशीनची लांब चोचीची कुपी घेतली, त्यात घरचं खोबरेल भरलं, आणि चाक आणि झाकण यांच्यामधल्या फटीत घातलं. चाक फिरवून फिरवून घातलं, आत नीट जावं म्हणून. लोखंडाची अशी पण वस्तू असते जी कोरडीच ठेवायची, हे मला एवढ्या आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं पण नव्हतं.

मेकॅनिकने मला समजावलं. "ह्यो लायनर ड्रमाक घासता, म्हणान गाडी थांबता. घासूकच व्हया. तू त्याका घासूकच दिलंस नाय." म्हणजे दर सोमवारी मीच गाडीचा ब्रेक काढून घेत होते आणि मग त्याच गाडीवर बसून देवाला जात होते. त्या दिवशी पुढे बोट लागली होती. ती मध्ये नदीत असती तर आम्ही दोघं पाण्यात.

हे खाली बसून ड्रमकडे बघत होते. मग ते मेकॅनिकला म्हणाले, मला नाही, "मी रोज पहाटे मागल्या दारात बसान पायान दगड ढकलतंय. पाय घट होऊचो म्हणान."

"कधीपासून?"

"दोन म्हयने."

पहाटे हे मागच्या दारी जातात ते मला माहीत होतं. मला वाटायचं, पोट बिघडलं असेल. दोन महिने हा माणूस आपल्या चांगल्या पायाला आजारी समजून दगड ढकलत होता, आणि कोणाला बोलला नव्हता. ब्रेक कमी झालेला त्यांना माझ्या आधी कळला होता. ट्रकवाल्याला कळणारच. पण त्यांनी गाडीवर संशय घेतला नाही, स्वतःवर घेतला. तेलापेक्षा मला ह्याचाच धक्का जास्त बसला.

तेल प्यालेले लायनर परत चालत नाहीत. मेकॅनिकने नवे घातले. ड्रम पेट्रोलने दोनदा पुसला, पॉलिश पेपरने घासला, परत पुसला. आतल्या एका खुंटीला बोटभर ग्रीस लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ह्यां फक्त माका लावूचो अधिकार." चाक बसवलं, नट पिळून ब्रेक जुळवला. मग ह्यांना म्हणाला, "काका, दाबा." ह्यांनी पाय ठेवला. नुसता ठेवला. फिरणारं चाक जागच्या जागी थांबलं.

मी तिथूनच मुलाला फोन केला. सगळं सांगितलं. तो आधी हसला आणि मग म्हणाला, "ते तेलाचं ठीक आहे, आई. पण वय झालंच ना? गिऱ्हाईक येतंय, येऊ दे."

रविवारी मुलगा आला, गिऱ्हाईक आलं. दोघांना दारापुढच्या ओट्यावर, बाल्कांवात बसवून मी चहा ठेवला. हे गाडी काढून मुलाला म्हणाले, "बस मागे."

"कशाला, बाबा?"

"बस म्हटलां मां!"

दोघं उतरणीकडे गेले. गिऱ्हाईक चहा पिता पिता म्हणालं, "आजी, गाडीत काही दोष?"

"गाडीत नाही," मी म्हटलं. "दोष माझा होता."

त्याला काही कळलं नाही. मी सांगत बसले नाही.

अर्ध्या तासाने दोघं परत आले. मुलगा उतरला. तोंड पांढरं पडलं होतं. "पाण्यापासून हातभर," मला म्हणाला. "आधी एकदम जोरात नेली. मग पाय ठेवला. थांबली." गिऱ्हाइकाला त्याने हात जोडले आणि गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. गिऱ्हाईक चिडलं, पण चहा संपवून गेलं.

हे माझ्याशी गुरुवारपासून बोलत नव्हते. तेलाचा त्यांना राग नव्हता, ते मला माहीत आहे. सोमवारी देवळात जाऊन आलो, तेव्हा पण गप्प. मी माफी मागितली नाही. आमच्यात ती पद्धत नाही, आणि मागून चार लोकांत बोललेलं ते वाक्य परत येणार नव्हतं.

बुधवारी दुपारी माशाचं हुमण आणि भात जेवताना बोलले.

"हुमणात मीठ कमी आसा," म्हणाले.

मी उठून मीठ दिलं.