निवलेलं पाणी

सकाळी मागच्या दारच्या बादलीतलं पाणी आणखी खाली गेलेलं दिसलं. मस्कतच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी चटके देतं, म्हणून आई संध्याकाळीच बादली भरून ठेवायची आणि सकाळी निवलेलं पाणी अळूला, भेंडीला घालायची. "कढत पाण्याने लेकराला कोणी न्हाऊ घालतं का?" म्हणायची.

जाण्याआधी तिने भरलेली ही शेवटची बादली. ती ओतायला आमचा हात होईना. शेजारी अळूने माना टाकल्या, आणि आम्ही जपलेलं पाणी वाळवंटाची हवा गुपचूप पीत राहिली. नुसतं जपून ठेवलं की माणसाचं मागे उरलेलंही असंच उडून जात असेल.

आज बाबांनी तळाशी उरलेलं पाणी अळूच्या बुंध्याशी ओतलं आणि बादली नळाखाली धरली.

"उद्याचं निवायला हवं," एवढंच म्हणाले.