भरतीच्या हाती आवतण

"कोन राह्यला का?" असं विचारून ती डोक्यावरचा पदर पुढे ओढायची आणि मांडवातल्या म्हाताऱ्यांकडे एकेक करून बघायची. हजेरी संपल्यावर मास्तर वर्गाकडे बघतात ना, अगदी तसं. कुणी काही बोललं नाही, की मगच पुढचं कडवं.

माझा पेणपासून रोह्यापर्यंत मांडव आणि स्पीकर लावायचा धंदा होता. गडब गावात घर, घरामागे बांबूंची रास आणि ओटीवर दोन भोंगे. आमच्या आगरी गावांमधून फिरताना लग्नसराईत सगळ्यात जास्त गाठ पडली ती कासू गावच्या ह्या धवलारणीशी. आमच्या बाजूचं जुनं लग्न तुम्ही पाहिलं असेल, तर धवलारीण कोण हे सांगायला नको. नसेल पाहिलं, तर एवढंच ध्यानात ठेवा, की भटजी यायच्या आधी आणि भटजी गेल्यावर लग्न तिच्या ताब्यात असतं. मांडवात उंबराची फांदी रोवण्यापासून हळद उतरवण्यापर्यंत प्रत्येक कामाचा धवला, म्हणजे गाणं, तिला तोंडपाठ असतो. त्यातलं सगळ्यात मोठं काम आवतणाचं. घरातली जी माणसं गेली, त्यांना नावाने हाक मारून ती लग्नाला बोलावते.

कासूला रेल्वेचं स्टेशन झालं तरी ही बाई खाडीच्या बांधावरूनच चालत यायची. लहानखुरी, सावळी, हिरवं लुगडं, हातात पिशवी. माझा माइक तिला कधी आवडला नाही. मेलेली माणसं भोंग्याला बिचकतात, असं तिचं म्हणणं. मी माइक तिच्यासमोर ठेवायचा आणि तिने तो शेजारणीच्या मांडीवर सरकवायचा. त्यामुळे गावाला धवल्यापेक्षा त्या शेजारणीचं पान चावणंच जास्त ऐकू जायचं, आणि बोलणी मात्र मी खायचो.

तिची स्वतःची एक पद्धत होती. तिने हाक मारली, की घरातल्या कुणीतरी त्या गेलेल्या माणसाच्या वतीने "आला" किंवा "आली" म्हणायचं. बाकीच्या धवलारणी असं काही करत नसत. हिला मात्र उत्तर आल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही.

एकदा पेणजवळच्या एका गावात नवऱ्याच्या आजोबांची पहिली बायको राहून गेली. बिचारी लग्नानंतर वर्षाच्या आत वारलेली, पोर ना बाळ, घरात तिचं नावही कुणी काढत नसे. एका म्हातारीला ती ऐनवेळी आठवली. झालं, धवलारणीने सगळं पहिल्यापासून म्हणायला घेतलं. बँडवाले ताटकळले, आचारी दोनदा डोकावून गेला, नवरदेवाच्या अंगावरची हळद वाळून खपल्या धरायला लागली. मी जवळ जाऊन म्हटलं, आत्या, तिला एकटीला मागून बोलवा की. ती म्हणाली, "मागना बोलावलेला पावना दारातच उबा ऱ्हातो, भाऊ." आणि तिने दुसऱ्यांदा पहिलं कडवं धरलं.

हे कुठून आलं, तर खाडीच्या गोष्टीतून. बायका तांदूळ निवडत बसल्या की ती ही गोष्ट सांगायची. खाडी ही डोंगराची लेक. तिचं लग्न दर्याशी ठरलं. मांडवाला तिवरांचे खांब, वर ढगांचं छत, चिंबोरी करवली. ती घाईघाईत हळदीच्या ताटाला आडवी गेली, म्हणून अजून आडवीच चालते. आवतण सगळ्यांना गेलं, फक्त नवरीची आजी राहिली. आजी म्हणजे डोंगराच्या पोटातला झरा. नवरीला ते सासरी पोचल्यावर आठवलं. तेव्हापासून ती दिवसातून दोनदा माघारी येते, गावागावाच्या बांधाशी जाते, माझी आजी दिसली का म्हणून दारोदार विचारते, आणि उशीर झाला की परत पळते. भरती-ओहोटी म्हणतात ती हीच. मी शाळेत चंद्राचं काहीतरी शिकलो होतो. ते मी एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, चंद्र वऱ्हाडात दिवटी घेऊन होता, त्याला बरोबर माहीत आहे.

माझ्या खापरपणजोबांच्या तर तिने मला निरनिराळ्या कथा सांगितल्या. एका लग्नात सांगितलं, की ते बांधाला पडलेल्या खांडीत, म्हणजे भगदाडात, आडवे झोपले आणि गाव माती घेऊन येईपर्यंत त्यांनी अंगावर पाणी अडवलं. दुसऱ्या लग्नात सांगितलं, की ते चक्क झोपलेले होते आणि निवटीने, चिखलात उड्या मारणाऱ्या त्या माशाने, त्यांच्या छातीवर उडी मारून त्यांना जागं केलं. म्हणून म्हणे आमच्या घरात निवटी खात नाहीत. खरं तर आमच्या घरात निवटी आवडीने खातात. मी विचारलं, ह्यातली खरी कुठली? ती म्हणाली, "ज्याच्या लग्नात जी पायजे ती." मला रागही आला आणि हसूही आलं.

नागोठण्याच्या बाजूला एका घरी तिने घरच्या पितरांमध्ये एका मुसलमान शेजाऱ्याचं नाव घेतलं. मांडवात कुजबुज झाली. ती थांबली आणि म्हणाली, पूर आला तेव्हा ज्याने होडी आणून ह्या घरातली पोरं काढली, तो ह्या घरचाच. त्या शेजाऱ्याचा मुलगा आखातातून सुट्टीवर आला होता आणि लग्नाला हजर होता. तो मागून उठला आणि हात छातीवर ठेवून म्हणाला, "आला." जेवताना नवऱ्याच्या बापाने त्याला आपल्या शेजारी बसवलं.

आता आमच्या मंदाचं सांगतो.

आम्हाला मूल नव्हतं. मंदा आम्ही एका आश्रमातून आणली, तेव्हा ती मुठीएवढी होती. ही गोष्ट आम्ही कुणापासून लपवली नाही. मंदाला माहीत होतं, गावाला माहीत होतं, रोह्याकडच्या तिच्या सासरच्यांनाही बोलणी करतानाच सांगितलं होतं. माझ्या बायकोने पोरीला जिवापलीकडे जपून वाढवलं. मंदाही आईच्या पदरामागे असायची. त्यामुळे हळदीच्या दिवशी काही होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दुपारची वेळ होती. धवलारीण माझ्या बायकोला नावं विचारत होती, माझ्याकडची, मग तिच्या माहेरची. मंदा शेजारी बसली होती. ती एकदम म्हणाली, "आत्ये, माझ्या आयला पन बोलव."

"ही काय बसलीया तुझी आय," धवलारीण म्हणाली.

"ही नाय. जिनं जलम दिला ती."

बायकोने हातातलं सूप खाली ठेवलं आणि ती आत स्वयंपाकघरात निघून गेली. मी मागोमाग गेलो. ती चुलीपाशी बसली होती. "मंग मी इतकी वर्सा कोन व्हते?" एवढंच तिने विचारलं. बाहेर येऊन बघतो, तर मंदाही मान खाली घालून बसलेली. तिला आईला दुखवायचं नव्हतं, पण बोललेलं मागेही घ्यायचं नव्हतं. उद्या पोर सासरी जाणार आणि आज मायलेकींमध्ये हे असं. मला दोघी पाहिजे होत्या. कुणाची समजूत काढावी तेच कळेना.

धवलारणीने मंदाला विचारलं, नाव काय तिचं? माहीत नाही. गाव? माहीत नाही. जिवंत आहे का गेली? तेही माहीत नाही. धवलारीण उठली आणि घरामागे जाऊन मशेरी लावत बसली. तिला अशी गोंधळलेली मी कधीच पाहिली नव्हती. मी जवळ गेलो, तेव्हा तिने आपली अडचण सांगितली. नाव नसताना हाक मारली तर कुणीही येऊन बसेल. आणि ती बाई जिवंत असली, तर जित्या माणसाला पितरांच्या पंगतीत बसवल्याचं पाप. मी म्हटलं, मग मंदाला नाही म्हणून सांगा, मी तिची समजूत घालतो.

"नाय कशी म्हनू?" ती म्हणाली. "जलमभर कोन राह्यला का, कोन राह्यला का इचारत फिरले. ही पोर सांगतेय, राह्यली. आता कान बंद करू?"

शेतापलीकडे खाडी भरत होती. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग चूळ भरून सरळ स्वयंपाकघरात गेली. आत काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या ओच्यात तांदूळ होते.

संध्याकाळी हळद मांडली. मांडव मीच घातलेला, माइक मीच लावलेला. बायको आली, पण मागे भिंतीला टेकून बसली. धवलारणीने माझ्या आजोबा-पणजोबांना बोलावलं, मी आणि भाऊ "आला, आली" म्हणत गेलो. बायकोच्या माहेरच्यांची नावं घेतली, तेव्हा तिच्या भावाने उत्तरं दिली. मग धवलारणीने ओच्यातले तांदूळ मुठीत घेतले, तोंड खाडीकडे वळवलं आणि मी कधी न ऐकलेलं कडवं म्हटलं:

"भरतीच्या बाई, तू घरोघरी जाशी,
जिची लेक हलदीला, तिला वलखशी.
जिती आसल तं तिला सपनान सांग,
नसल तं हात धरून मांडवी आन."

आणि ती थांबली. तिच्या पद्धतीप्रमाणे आता कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. त्या बाईच्या वतीने बोलणार कोण? भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मंदाने डोळे मिटून घेतले होते. मांडवात शंभर माणसं असतील, पण एकाच्या तोंडून शब्द फुटेना, आणि धवलारीण मुठीत तांदूळ धरून बसली.

"आली," मागून आवाज आला. माझी बायको बोलली होती. ती भिंतीपासून उठली, बायकांमधून वाट काढत पुढे आली आणि तिने ताटातली हळद घेऊन मंदाच्या दोन्ही गालांना लावली. मंदा तिच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. मीही रडलो, त्यात लाजायचं काय. धवलारणीने तांदूळ दोघींच्या डोक्यांवर टाकले आणि काही झालंच नाही अशा आवाजात पुढचा धवला सुरू केला.

पाठवणी झाल्यावर मी बायकोला विचारलं, तू कशी काय बोललीस? तेव्हा तिने आतली हकीकत सांगितली. धवलारणीने तिला उपदेश वगैरे काही केला नव्हता. चुलीपाशी बसून ओचा पसरला आणि म्हणाली, आवतणाचे तांदूळ घरच्या बाईच्या हातचे लागतात, तू दिलेस तर बोलावते, नाही दिलेस तर नाही. बायकोने बराच वेळ दिले नाहीत. मग दिले. "तांदूल माझे व्हते," बायको मला म्हणाली. "जी आली ती माझ्या आवतनान आली. मंग मी नाय तर कोन बोलनार?"

पुढे बेंजो आले, मग डीजे आले. खोटं कशाला बोलू, डीजे मीही घेतला, गिऱ्हाईक तेच मागायचं. धवलारणीला बोलावणं कमी होत गेलं. तिची सून कंपनीत शिफ्टला जायची, तिला हे शिकायला सवड नव्हती, आणि धवलारणीने कधी तिला दोष दिला नाही. एका श्रावणात ती गेली. मला कळलं ते पेणच्या बाजारात, पंधरवड्यानंतर. मी कासूला जाऊन आलो. धवले मर्तिकाला म्हणत नाहीत, त्यामुळे तिच्या घरी सगळं मुकाट्यानेच झालं होतं. त्यानंतर काही वर्षांनी माझी बायकोही गेली.

गेल्या उन्हाळ्यात मंदाच्या मुलीची हळद होती, रोह्याकडे. डीजेवाला पोरगा खोकी रचून तयार होता. मंदाने त्याला जरा थांबायला सांगितलं, पदर सारखा केला आणि उंबराच्या फांदीजवळ बसली. एवढं सगळं तिने कधी पाठ केलं होतं कोण जाणे. आवाज तिचा, पण चाल कासूचीच. सासरची नावं झाली. माझ्याकडची झाली. मग तिने "माझी आय" म्हटलं आणि नाव घेतलं ते माझ्या बायकोचं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या बाजूचा वडीलधारा मीच उरलो होतो. "आली," मी म्हटलं. त्यानंतर मंदाने भरतीचं कडवं म्हटलं आणि त्याला तिच्या मुलीने उत्तर दिलं.

जेवणं झाल्यावर मी मंदाला बाजूला घेतलं. मनात एक गोष्ट सलत होती. म्हटलं, सगळ्यांना हाक मारलीस, पण धवलारणीला नाही बोलावलंस गो.

मंदाने हळदीचे हात पदराला पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही म्हातारा आता खरंच म्हातारा झाला.

"बाबा," ती म्हणाली, "मंग मघापासना बोलवत कोन व्हती?"