डोंगरावरचा आपटा

माझ्या साडूने मला फसवलं. सुरतेतल्या लिंबायतच्या बाजारात डोळे बांधून उभं केलं तरी मी बोटांनी कापडाची जात सांगतो. अशा माणसाला या बँकेतल्या गृहस्थाने ऐन दसऱ्याला डोंगर विकला.

थोरल्या भावाचा माझ्याशी अबोला होता. त्याच्या बमरोलीच्या लूमवरून उठून मी साड्यांचं दुकान टाकलं, हा माझा गुन्हा. वर्षातून एकदा, दसऱ्याचं सोनं द्यायला गेलो की तो दार उघडायचा. गेल्या वर्षी मी बाजारातून पानं नेली, ती आपट्याऐवजी कांचनाची निघाली. शहरात निम्मे लोक तीच वाटतात, पण दादाची नजर साडी तपासणाऱ्याची. त्याने पान उजेडाकडे धरलं आणि माझ्या हातात परत ठेवलं. "कापडमा भेसळ करता करता आते सोनामा बी कराले लागना का?"

दार बंद.

यंदा दसऱ्याच्याच संध्याकाळी तो सुरत सोडून कायमचा गावी निघणार होता. मला खरा आपटा हवा होता, आणि त्याची रेल्वे सुटायच्या आत.

"वांसद्याकडे एक छोटा डोंगर आहे," साडू म्हणाले. "वर आपटाच आपटा. जेवायला घरी."

दसऱ्याच्या पहाटे साडूंच्या गाडीने निघालो. पायथ्याशी गुरांनी मळलेली छान पायवाट होती. साडूंना ती पसंत पडली नाही.

"पायवाटेने काय, कुणीही जातं."

"मग आपण कोण लागून गेलो?"

"निसर्ग असा सरळ भेटत नाही, साडूभाऊ."

त्यांना निसर्ग भेटला, मला कुसळं. पावसाने वाढलेलं गवत कमरेपर्यंत आलं होतं, सागाच्या पानांची किड्यांनी चाळणी केली होती आणि दर दोन झाडांमध्ये एका कोळ्याने माझ्या तोंडाच्या उंचीवर संसार मांडला होता. ऑक्टोबरचं ऊन वर होतंच.

"हा शेवटचा चढ ना?"

"शेवटचा."

मी दिवसभर गिऱ्हाइकांना 'शेवटचा भाव' सांगतो. त्या शब्दात किती दम असतो, हे मला ठाऊक आहे. तरी चढत राहिलो. पुढे आणखी एक शेवटचा चढ होता, त्याच्यापुढे आणखी एक.

माथ्यावर आपटा होता, नाही म्हणत नाही. दोन खुरटी झाडं. मी पानं पिशवीत भरली, तोवर साडू एका दगडावर पाय ठेवून स्वतःचे फोटो काढत होते. "हवा बघा, हवा!" मी घड्याळ बघत होतो. उतरताना ते एका कोरड्या ओहोळात शिरले आणि आम्ही डोंगराच्या भलत्याच अंगाला निघालो. वळसा घालून गाडीपाशी आलो, तेव्हा सावल्या लांबल्या होत्या.

दम घ्यायला मी एका झाडाला टेकलो. वर पाहिलं. आपटा. शेजारीही आपटा. गाडी लावली होती तीच मुळी आपट्याच्या सावलीत.

"साडूबुवा, हे सकाळी दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं की."

"मग?"

"मग वर कोण आलं असतं? आमची ही एकट्याला सोडत नाही हो डोंगरावर."

सुरतेपर्यंत मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. बमरोलीला पोचलो तर दादाच्या दाराला कुलूप. शेजारची काकू ओट्यावर बसली होती.

"तुना दादा तुन्ही वाट देखी देखी गया. घडी घडी गल्लीना तोंडपावत जाये."

कुलपासमोर पिशवी घेऊन मी उभा राहिलो. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा माझ्यासाठी दाराबाहेर आला होता, आणि तेव्हा मी वाट सोडून गवतात होतो.

साडू आता म्हणतात, "त्यात काय, गावी जाऊन द्या." बँकेत बरं आहे, आजचं काम उद्या केलं तरी चालतं. दसऱ्याचं सोनं दसऱ्यालाच देतात. गल्लीच्या तोंडाशी माझा भाऊ रिकाम्या हातांनी उभा राहिला. त्याचा जाब मला द्या, साडूबुवा. आणि या वेळी सरळ वाटेने या.