कुलवृत्तांतातल्या तांबड्या ओळी

दुधानं तोंड कधी पोळलेलं नसताना ताक फुंकून पिणारी माणसं असतात. सावेडीचे शामकांत राजूरकर त्यातले. शाळेतून निवृत्त होऊन वर्षं झाली, पण दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांकडे ते अजून कॉपी करणाऱ्या पोरासारखंच बघतात.

राजूरकरांचं मूळ घराणं अकोल्याकडचं. त्याचा कुलवृत्तांत लिहायचं काम शामकांतरावांनी अंगावर घेतलं. सून मनवा सुप्याच्या कंपनीत इंजिनीअर. तिनं त्यांना लॅपटॉपवर पुस्तकाची पानं लावायचा प्रोग्राम बसवून दिला, फुकटचा. इथंच पहिली शंका आली. फुकट ते पौष्टिक असं बाकीचे म्हणोत, शामकांतरावांच्या मते फुकट म्हणजे कुठंतरी खोट. त्यात मनवानं प्रोग्रामच्या जोडीला आणखी तीन अवजारं दिली. एक शुद्धलेखन तपासणारं, एक शेवटची नामसूची आपोआप करणारं, आणि एक कालची प्रत आजच्या प्रतीशी ताडून नवं काय घुसलं ते तांबड्या रंगात दाखवणारं. हे तिसरं मात्र त्यांना आवडलं. पहारेकरी कुणाला नको असतो?

अन् एका सकाळी पहारेकऱ्यानं तांबडं दाखवलं. घराण्यातल्या एका सुनेच्या, ‘सौ. सुमती’च्या पुढं कुणीतरी ‘माहेरचे नाव गोदावरी’ असं घुसवलेलं. शामकांतराव चरकले. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहायचं आणि जुनं तिथंच सोडायचं, ही राजूरकरांची रीत. वृत्तांतातही सुना सासरच्याच नावानं. त्यांनी ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, वर आणखी चार बायकांची नावं घेऊन!

आधी संशय अवजारावर गेला. मग मनवावर. लग्नात नाव बदलायला तिनंच साफ नकार दिला होता ना! आता सुप्यात बसून इथलं लिहीत असेल, या पोरींचा काय भरवसा. घरातही पाणी मुरत होतं. विजयाबाई, त्यांच्या पत्नी, दुपारी फोन घेऊन गच्चीवर जायच्या आणि हळू आवाजात बोलायच्या. सासू-सून एक झाल्या की काय? पुस्तक कुलसंमेलनाआधी छापायला जायचं होतं. उद्या सगळ्या घराण्यासमोर लोक म्हणणार, शामकांतनं रीत बुडवली. त्यांना जेवण गोड लागेना.

शेवटी त्यांनी सापळा लावला. मनवा कंपनीच्या बसनं गेल्यावर लॅपटॉप मिटला, झाकणावर तांदळाचे दाणे ठेवले आणि ते फिरायला बाहेर पडले. दाणे जागेवर असून ओळी वाढल्या, तर मनवा पकडली गेली. पण राहवेना म्हणून ते अर्ध्यातूनच परतले.

झाकण स्वच्छ होतं. विजयाबाई शेजारी ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“तुमचे दाणे यात टाकलेत,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “अन्न असं सांडून ठेवू नये.”

शामकांतराव मटकन खुर्चीत बसले. सून नाही, अवजार नाही, सुपंही नाही. बायको! ही स्वतःच लिहीत असेल असं आपल्या मनातही आलं नाही, कारण हिच्याकडे नीट पाहिलंच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली. तरी आवाज चढवून त्यांनी विचारलं की ही नावं आणली कुठून. विजयाबाईंनी सांगितलं की फोनवरून. राजूरकरांच्या एकेका सुनेला त्यांनी विचारलं होतं, लग्नाआधी तुम्हाला काय म्हणायचे? काही जणी हसल्या, एक म्हातारी रडली. टाइप करणं त्यांना नवं नव्हतं, लग्नाआधी त्या कचेरीत टायपिस्ट होत्या. प्रोग्राम मनवानं शिकवला होता.

शामकांतरावांनी लॅपटॉप उघडला, दोन्ही प्रती ताडायला लावल्या. पान तांबडंलाल झालं. ते खाली खाली जात राहिले. स्वतःच्या कुटुंबापाशी आले तेव्हा तिथं काळंच होतं. ‘सौ. विजया.’ पुढं काही नाही.

“तुझं राहिलं,” ते म्हणाले.

“सगळ्यांना मी विचारलं,” विजयाबाई म्हणाल्या. “मला कुणी विचारलं नाही.”

ते नाव त्यांना पाठ होतं. लग्नपत्रिकेत छापलं होतं, आणि ताटात त्याच्या जागी दुसरं त्यांनीच स्वतःच्या बोटातल्या अंगठीनं लिहिलं होतं. रीत, संमेलन, लोक काय म्हणतील, सगळं त्यांच्या डोक्यात एकदा फिरून गेलं. मग त्यांनी चष्मा पुसला, एक बोट कीबोर्डवर धरलं आणि पत्नीकडे वळून बसले.

“लग्नाआधी तुला काय म्हणायचे?”

विजयाबाईंचा हात तांदळात थांबला.

“ज्योती,” त्या म्हणाल्या.

शामकांतरावांनी एकेक अक्षर शोधत ते लिहिलं आणि यावेळी पुसलं नाही.