मेलेल्या देशाची लेबलं

सगळा दोष डिमेलो अंकलचा. हे मी म्हणत नाही, त्यांनी स्वतः कंपनीच्या लेटरहेडवर लिहून खाली सही केली आहे.

दुबईच्या देऱ्यातल्या एका कार्गो ऑफिसात मी सात वर्षं काढली. तिथे किस्से गोडाउनमधल्या बेवारस खोक्यांसारखे साठतात. न्यायला कोणी येत नाही आणि फेकवतही नाहीत. शेवटी जागा अडायला लागली की एकेक उघडून बघावं लागतं.

आमचं काम म्हणजे दुबईतून टीव्ही, ब्लँकेटं, शिलाई मशीन असला माल मध्य आशियात पाठवणं. पुण्याचं इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून मी दुबईत अल मनखूलला आईबाबांकडे परत आलो आणि इथे चिकटलो, तेव्हा सोव्हिएत युनियन नुकतं फुटलं होतं. आमच्या एका गिऱ्हाईक देशाचे, आमच्यापुरते, पाच झाले होते. आणि ऑफिसात दोन कपाटं भरून छापील लेबलं होती. वर ठळक अक्षरांत ‘यू.एस.एस.आर., व्हाया मॉस्को’, खाली गावाच्या नावासाठी बारीकशी रेघ.

माझे सीनियर म्हणजे वसईचे डिमेलो अंकल. मी म्हटलं, "अंकल, हा देश मेला. फेकून द्या ही."

"फेकू नको. भाऊ वेगळे झाले म्हणून काय नातं तुटतं? आम्ही चार भाऊ. वाडीचे चार तुकडे झाले, पण विहीर? अजून एकच आहे."

"मग पाणी सगळे मिळून काढता?"

"नाय. अकरा वर्षं केस चालू आहे."

कंपनी दोन वर्षांतून एकदा घरी जायचं तिकीट द्यायची. अंकल नाताळला वसईला जायचे, चर्चमध्ये मासला भावांच्या शेजारी उभे राहायचे आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर भांडायचे. परत आले की म्हणायचे, "मजा आली."

*

आमच्या घरी शुक्रवारी बाबांचे मित्र जमायचे. सगळे अकाउंट्सवाले, पण बोलायचे परराष्ट्रमंत्र्यांसारखे. "देश काय, माणूस काय, शिस्त गेली की फुटतो," असं म्हणून माझ्याकडे बघायचे. स्वतः वीस वर्षं एकाच अरबाच्या एकाच टेबलावर बसलेले. बाबा माझी ओळख "सध्या ब्रेकवर आहे" अशी करून द्यायचे. ब्रेकला चार वर्षं झाली तरी.

एकदा उझबेकिस्तानची हद्द कुठवर यावर वाद पेटला. बाबांनी ॲटलास काढला. चार चष्मे पाऊण तास त्यातल्या सोव्हिएत युनियनवर फिरले, उझबेकिस्तान काही सापडेना.

धाकटी बहीण टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "बाबा, दॅट कंट्री इज एक्स्पायर्ड."

बाबा म्हणाले, "पण ॲटलास ओरिजिनल आहे."

*

उझबेकिस्तानची गुलनारा आपा आमची कायमची गिऱ्हाईक. वर्षातून चारदा यायची, कापड आणि मशीनं न्यायची. हिंदी सगळी सिनेमांतून शिकलेली, त्यामुळे साधी चौकशीसुद्धा क्लायमॅक्ससारखी करायची. पहिल्याच दिवशी काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "भगवान के लिए, मेरी ब्लँकेटें छोड़ दो."

मी म्हटलं, "आपा, बिल भरा, मग लगेच सोडतो."

तिने पासपोर्ट पुढे केला. नवा देश झाला होता, पण पासपोर्ट अजून जुनाच, लाल, जुन्या देशाच्या नावाचा. अंकलनी तो माझ्या नाकासमोर धरला. "बघ. बाई जिवंत, पासपोर्ट जिवंत, आणि तू म्हणतो देश मेला."

त्या दिवशी तिच्या सगळ्या गठ्ठ्यांवर त्यांनी स्वतःच्या हाताने जुनी लेबलं चिकटवली. तेव्हा गठ्ठे पोचलेही, कारण मॉस्कोतून पुढे ढकलणारी जुनी माणसं अजून शिल्लक होती.

*

आपाचा माल ताश्कंदला उतरून ट्रकने तिच्या गावी जायचा. ताश्कंद उझबेकिस्तानात, तिचं गावही उझबेकिस्तानात. पण मधला रस्ता ताजिकिस्तानातून. पूर्वी एकच देश होता, कोणाला पत्ता नव्हता. आता ट्रक देशाबाहेर जाऊन परत त्याच देशात शिरायचा.

एअरपोर्टवरच्या क्लार्कने आमचा फॉर्म दोनदा वाचला. "हबीबी, हा घरातून निघतो आणि घरीच पोचतो?"

"हो."

"मग निघतोच कशाला?"

मीही कॉलेजला निघून घरीच पोचलो होतो. त्याने ठप्पा मारला. "यल्ला, खलास."

*

आपाच्या गावातून कालवा जातो, कालव्यावर पूल. अलीकडे आपा, पलीकडे तिची म्हातारी आई. फाटाफूट झाली तेव्हा पलीकडचा भाग किर्गिझस्तान झाला. आपा सांगायची, पहिल्या वर्षी पुलावर एक शिपाई चहा पीत बसायचा. दुसऱ्या वर्षी दोरी आली. मग दांडा आला, मग लोखंडी दार.

आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून आपा रोज सूप घेऊन जायची. शिपाई भांडं उघडायला लावायचा, आत काय आहे ते चमचाभर चाखून बघायचा. रोज.

"तुम्हाला राग नाही येत?" मी विचारलं.

"पहले आता था," आपा म्हणाली. "अब नमक उसी के हिसाब से डालती हूँ."

*

मग आपाने आईसाठी दुबईहून व्हीलचेअर घेतली. म्हातारीने तीन वर्षं अंगण पाहिलं नव्हतं. आपाने पैसे भरले, खुर्ची आमच्या ताब्यात दिली आणि मला म्हणाली, "बेटा, इसमें मेरी माँ की इज़्ज़त है." या वेळी ते सिनेमातलं वाटलं नाही.

नवी लेबलं त्या दिवशी संपली होती. छापखान्यात जायचा मला कंटाळा आला. कपाट उघडलं आणि जुनं लेबल चिकटवलं. मीच. लोडरने वरची ठळक अक्षरं वाचली आणि खुर्ची मॉस्कोला गेली. तिथे आता आमचं ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. ती परत आलीच नाही.

बॉसने विचारलं, कोणी केलं? आयुष्यभर मला जबाबदारी शिकवणारी माणसं मला आठवली. बाबांनी तर फोनवर सांगितलं होतं, "गप्प बस, स्वतःचं नाव घेऊ नकोस." मी गप्प बसलो.

डिमेलो अंकलनी लेटरहेड ओढलं. ‘लेबलं मी ठेवली. लेबल मी लावलं.’ सही. बाहेर येऊन मला म्हणाले, "पहिलं वाक्य तरी खरं आहे ना?"

मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. ते इथे म्हणतो.

*

दुसरी खुर्ची महिनाभरात गेली, नव्या लेबलाने. ती आपाच्या घरी पोचली आणि पुलावर अडली. शिपाई म्हणाला, हा नवा माल आहे, देशाबाहेर न्यायचा तर ताश्कंदहून कागद आण.

आपाचा ऑफिसात फोन आला. रडत होती. अंकलनी रिसीव्हर घेतला. "गुलनारा, माल नेता येत नाही ना? माणूस तर जाऊ शकतो? मग बस त्या खुर्चीत."

पुढचं आपाने दुबईला आल्यावर सांगितलं. ती पायांवर शाल टाकून खुर्चीत बसली, मांडीवर सुपाचं भांडं, मागून शेजारीण ढकलतेय. शिपाई म्हणाला, "सुबह तो चलकर आई थी?"

"अचानक हो गया," आपा म्हणाली.

त्याने सूप चाखलं आणि दार उघडलं.

संध्याकाळी आपा पुलावरून परत आली, चालत, मोकळ्या हातांनी. शिपायाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग दार उघडलं आणि म्हणाला, "उधर के डॉक्टर अच्छे लगते हैं."

त्या दुसऱ्या खुर्चीचे पैसे कंपनीने अंकलच्या घरी जायच्या तिकिटातून वसूल केले. त्या वर्षी डिमेलो अंकल नाताळला वसईला गेले नाहीत.