हाउगीची मोरी

ओर्लिन ब्रेकीने चाळीस वर्षं दुधाची गाडी चालवली. कुणाच्या गोठ्यात किती दूध, कुणाची गाय आटली, सगळं तोंडपाठ. पुढे तो गावाचा चेअरमन झाला, आणि एक्क्याऐंशीव्या वर्षी पुन्हा उभा राहिला. माझं त्याचं एकाही निवडणुकीत पटलेलं नाही. गावच्या मतपत्रिकेवर पक्ष नसतो, पण कोण कुठल्या बाजूचा हे आमच्या कोंबड्यांनाही ठाऊक.

मतदान एप्रिलात. त्याआधी ख्रिस्ती उपासाच्या दर शुक्रवारी, मांस वर्ज्य म्हणून, सगळं गाव आगीच्या बंबाच्या शेडमध्ये तळलेले मासे खायला जमतं, तिथेच उमेदवार बोलतात. आमच्या बाजूचा उमेदवार डेल्मर, वय अठ्ठ्याहत्तर, बोलताना मधेच अडकला आणि बायकोकडे बघत राहिला. आम्ही म्हटलं, "दमलाय बिचारा."

मग ओर्लिन उठला. "हाउगीकडे जाऊन बघा. रस्त्याखालच्या मोरीला तडा गेलाय. बर्फ वितळायच्या आत..."

"हाउगी मरून पन्नास वर्षं झाली!" माझ्या शेजारची लव्हर्न ओरडली. "कबरीत जाऊन विचारू का?"

शेडभर हशा. मीही हसले, खोटं कशाला बोलू? वर म्हटलं, "डोक्यातला दिवा विझला गं याचा." ओर्लिन तसाच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आर्डिस माझ्या दारात. कोटही न काढता म्हणाली, "साठ वर्षं ओळखतेस त्याला. तुझा पक्ष घटकाभर बाजूला ठेव आणि सांग, डोकं जातंय का त्याचं? सगळे हसले म्हणजे खरंच असणार म्हणतो. गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्यात. निवडून आलो तरी राजीनामा देतो म्हणतो."

तेवढ्यात फोन वाजला. गॅसवाला नवा होता, रस्ता चुकलेला. मी म्हटलं, "हाउगीच्या वळणावर डावीकडे वळ..."

आणि माझी जीभ तिथेच थांबली. आर्डिस माझ्याकडे बघतच राहिली.

आमच्याकडे शेत विकलं तरी नाव जुन्या मालकाचंच राहतं. मी या घरात शेहेचाळीस वर्षं राहते, तरी हे 'लिंडालचं घर'. मला कुणी वेडी म्हटलेलं नाही.

तशाच आम्ही दोघी आर्डिसच्या गाडीतून हाउगीच्या वळणावर गेलो. रबरी बूट घालून मी ओढ्यात उतरले. मोरीच्या उत्तरेच्या तोंडाला माझा पंजा जाईल एवढा तडा! आर्डिस बर्फाच्या ढिगावर बसली, आधी रडली, मग इतकी हसली की मला तिला हात धरून उठवावं लागलं.

पुढच्या शुक्रवारी मी शेडमध्ये उभी राहिले. "हाउगीचं शेत कुठलं, हे ज्याला माहीत नाही त्याने हात वर करा." एकही हात नाही. "लव्हर्न, तू कुणाच्या घरात राहतेस?"

"टॉर्गरसनच्या," ती म्हणाली, आणि लाल झाली.

"तो कुठे असतो हल्ली?"

"कबरीत. पण तू कुणाच्या बाजूची गं?" ती उसळली.

"मत डेल्मरलाच. रस्त्याच्या खडीतलं त्याला जास्त कळतं. पण मोरीला तडा आहे, मी हात घालून आलेय. ओर्लिनचं डोकं आहे तिथेच आहे. आणि डेल्मर अडकला तर दमला, हा बोलला तर डोकं गेलं, हे मी तरी बंद करणार."

डेल्मरनेच पहिली टाळी वाजवली.

निघताना ओर्लिन दारात किल्ल्या वाजवत उभा. "मत नाही देत, तर निदान घरी सोडू?"

"सोड. पण हळू चालव."

"लिंडालकडेच ना?"

"तिथेच. त्याला म्हणावं, कॉफी टाकून ठेव."