राजपुत्राचा काढा

उत्तरा काहीही तोंडात घालते, ही नीलाची भीती पोरगी रांगायला लागली तेव्हापासूनची. तेवीस वर्षं झाली तरी ती सुटली नव्हती. परदेशी, पार्सिपनीला, आल्या आल्या पोरीने खिडकीचा रंग चाटला, पाचव्या वर्षी शेजाऱ्यांच्या कुंपणावरची लाल फळं खाल्ली. विचारलं तर म्हणे, चव बघत होते.

पुढे ती मेडिकलला गेली, तेव्हा नीलाच्या नवऱ्याने, उल्हासने, ऑफिसात पेढे वाटले. वर्षभरात, शहाऐंशी साली, तिने मेडिकल सोडलं आणि बॉस्टनला इतिहास घेतला. कारण काय, तर सातशे वर्षांपूर्वीचा एक कोरियन राजपुत्र.

"निदान जिवंत राजपुत्र तरी शोधायचास," उल्हास म्हणाला.

मग उत्तराने आईला समोर बसवून त्याची सगळी हकीकत सांगितली. राजाचा पुतण्या. गादी मिळायची नाही आणि दुसरं काही काम करायची मुभा नाही. रिकाम्या राजपुत्राभोवती कट शिजतात, म्हणून दरबाराची सतत नजर. त्याने वैद्यकीची पुस्तकं उघडली. आधी घरच्या नोकरांचे ताप बघितले, मग गावातले लोक दाराशी बसू लागले. राजरक्ताच्या माणसाने कुणाचीही नाडी धरावी, हे राजवैद्यांना रुचलं नाही. त्याने ऐकलं नाही. प्रत्येक काढा आधी स्वतः प्यायचा आणि जिभेला, हातांना, छातीला काय झालं ते कागदाच्या कडेला लिहून ठेवायचा. पन्नाशीच्या आत गेला. कशाने, ते कुठेच लिहिलेलं नाही.

उत्तरा हे रंगून सांगत होती. नीलाच्या मनात शेवटचं वाक्य तेवढं रुतून बसलं.

गुरुवारी संध्याकाळी उत्तराचा फोन आला. राजपुत्राच्या एका काढ्यात एक मूळ होतं, आपल्या विषारी बचनागाच्या जातीचं. तिला ते चायनाटाउनच्या दुकानात मिळालं होतं. आजोबा बचनाग कसा शुद्ध करायचे, असं तिने विचारलं. नीलाचे वडील संगमनेरचे वैद्य. लेकीने आजवर त्यांच्याबद्दल कधी चौकशी केली नव्हती. त्या आनंदात नीलाने आठवेल तसं सांगून टाकलं: तुकडे करायचे, फडक्यात बांधायचे, गाईच्या दुधात लोंबकळत ठेवून तासन् तास शिजवायचे. उत्तराने लिहून घेतलं.

"पिणार नाहीस ना?" नीलाने मग विचारलं.

"जस्ट अ टेस्ट, आई. त्याने घेतली तेवढीच."

आधी प्रोफेसरांना विचार, असं नीला दोनदा म्हणाली. उत्तरा हसली आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी विरजणासाठी दूध तापत होतं. साय वर आली आणि नीलाला वडील दिसले, गोठ्यामागे खड्डा खणताना. बचनाग शिजवलेलं दूध ते त्यात ओतायचे आणि कुत्र्यानेसुद्धा चाटू नये म्हणून वर माती लोटायचे. विष सगळं त्या दुधात उतरतं. दूध टाकून द्यायचं, हे ती सांगायलाच विसरली होती. आणि उत्तरा वाढली ती नासलेल्या दुधाचाही खवा करून खाणाऱ्या घरात. दूध टाकू नये, हे नीलानेच तिला शिकवलं होतं.

तिने गॅस बंद केला आणि फोन लावला. घंटा वाजत राहिली. अर्ध्या तासात तिने चार वेळा लावला.

"लायब्ररीत असेल," उल्हास म्हणाला. पण त्याने हातातला पेपर घडी करून ठेवला होता.

"दूध प्यायली असेल तर?"

तो म्हणाला, "मागच्या वेळचं आठवतंय ना?"

मागच्या वेळी दोन दिवस फोन लागला नाही म्हणून नीलाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं होतं. त्यांनी दार तोडलं. उत्तरा मैत्रिणीकडे गेली होती. चार महिने ती आईशी बोलली नाही, आणि पुन्हा असं केलंस तर संपलं, असं तिने स्वच्छ सांगितलं होतं. तशी ती शब्दाची पक्की.

बॉस्टन गाडीने चार तास. बचनागाला चार तास लागत नाहीत, हे वैद्याच्या मुलीला कुणी सांगायला नको होतं.

"नंबर कुठल्या डायरीत आहे?" तिने विचारलं. उल्हासने डायरी आणून दिली.

बचनागाला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला येत नव्हतं. पॉयझन म्हणायचं, आणि दार तोडा म्हणायचं. तिने रिसीव्हर उचलला आणि पोलिसांचा नंबर फिरवायला घेतला.